पडदेवाल्या बाईंचा उजवा खांदा

माझी थोरली बहीण पडदे शिवते. वय चौसष्ट. मी तिला ताई म्हणते, तिचा नवरा नावानं हाक मारतो, आणि बाकी सगळ्यांना ती पडदेवाल्या बाई म्हणूनच माहीत आहे. दारावरच्या पाटीवरही तेवढंच लिहिलंय.

पडदा शिवून हातात दिला की काम संपलं, असं तिनं कधी मानलं नाही. खिडकीचं माप ती स्वतः घेते, कापड स्वतः कापते, शिवते आणि टांगतेही स्वतःच. अस्तरं तेवढी माझ्याकडे असतात. टांगताना पडद्याची खालची दुमड पक्की शिवलेली नसते, नुसते कच्चे टाके घातलेले असतात. तसाच दोन दिवस लोंबू द्यायचा. कापड आपल्याच वजनानं बोटभर उतरतं, जाड असलं तर दोन बोटं. उतरायचं तेवढं उतरून झालं की ती जमिनीवर फतकल मारून बसते, खडूनं खूण करते, पडदा घरी आणून दुमड शिवते आणि पुन्हा नेऊन टांगते. म्हणजे एका पडद्यासाठी तीनदा स्टुलावर चढणं आलं. बाजारातले शिवणारे हसायचे. एकानं तोंडावर विचारलं, "बाई, गिऱ्हाइकाला बोटभराचा फरक कळतो तरी का?"

"गिऱ्हाइकाला नाही कळत," ताई म्हणाली, "खिडकीला कळतो."

एवढा आटापिटा करायला कारण आहे. लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांत तिनं एका दवाखान्याचे पडदे शिवले होते. टांगायला त्यांचा माणूस होता. त्यानं दांडी तिरकी ठोकली, आणि येणारे-जाणारे म्हणू लागले, शिवणारीला सरळ कापता येत नाही. ताई तिथं गेली, छतापासून दांडीपर्यंत दोन्ही टोकांना टेप लावून दोन बोटांचा फरक दाखवून आली. पण बोललेलं कुणी परत घेत नाही. तेव्हापासून तिनं ठरवलं ते ठरवलं. "सरळ शिलाई कुणीही मारतं. पडदा शिवलाय की नाही ते टांगल्यावर ठरतं," हे तिचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

म्हणून तिचा उजवा हात वर जाईनासा झाला, तेव्हा प्रश्न नुसत्या दुखण्याचा नव्हता. टांगता येत नसेल तर तिच्या मते ती पडदेवालीच उरत नव्हती.

सुरुवात किरकोळ होती. पाठीमागे हात नेऊन बटण लावताना कळ आली. मग केस विंचरताना. मग उजव्या कुशीवर झोपता येईना. तिनं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. पकडलं ते भावजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं. भावजी विजेच्या खात्यात मीटर वाचायला होते. तीस-बत्तीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपले. घरातलं काहीही जागचं हललं की त्यांच्या डोळ्यांना लगेच खुपतं. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचे डबे एकेक करून खालच्या फळीवर यायला लागले होते.

"खांदा दुखतोय का?" त्यांनी विचारलं.

"कुणाचा?"

"शेजारच्यांचा."

"जरा लचकलाय. जाईल."

"सहा डबे उतरलेत. जरा लचकला असता तर दोनच उतरले असते."

पुढचे दोन-तीन महिने ताईनं दुखण्याशी लपाछपी खेळली. कापणं आणि शिवणं हे पोटाच्या उंचीवरचं काम, तिथं हात बरा चालायचा. अडायचं ते फक्त वर. त्यासाठी तिनं उंच स्टूल आणलं, म्हणजे हात वर नेण्याऐवजी आपणच वर जायचं. एका काठीला वाकवलेली तार बांधून तिनं कड्या सरकवायचं हत्यार केलं. मलम, गरम पाण्याची पिशवी, सगळं झालं. मालिश करणारी एक बाई आली. तिनं हात असा काही ओढला की ताई आठवडाभर त्या बाईच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. मी रोज सकाळी देवापुढे हात जोडताना तिच्या खांद्याचं म्हणून दोन मिनिटं जास्त बसायचे. तिला कळल्यावर म्हणाली, "देवाला सांगतेस ते ठीक. पण देव काय करेल? तोही डॉक्टरकडंच पाठवील."

मग डॉक्टरकडे गेली, पण तीही मनाविरुद्ध. डॉक्टरांनी हात बाजूनं वर करायला लावला, मागे न्यायला लावला, आणि सांगितलं की हे फ्रोझन शोल्डर. सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते, ती सुजते, आखडते आणि सांधा धरून ठेवते. या वयात होतं, साखर असलेल्यांना जास्त होतं. ताईला साखर दहा वर्षांपासूनची.

"बरा कधी होईल?"

"बहुतेकांचा सुटतो. वर्ष लागतं, कधी दोन. व्यायाम मात्र हवा."

व्यायाम शिकवायला फिजिओथेरपीची मुलगी होती. तिशीच्या आतली, बोलायला गोड, हाताला मात्र कडक. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी पायऱ्या चढल्यासारखी भिंत चढायची. वाकून हात लंबकासारखा सोडायचा. काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हातानं दुखऱ्याला वर न्यायचं. सगळं सोपं दिसायचं, आणि ताईला भिंतीवर खांद्याच्या पातळीला बोटं पोचली की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पंधरा दिवसांत तिनं सोडून दिलं. हात दुखतो म्हणून हलवायचा नाही, हलवला नाही म्हणून आणखी आखडायचा, आणि आखडला म्हणून आणखी दुखायचा. सहा महिन्यांत तो जेमतेम छातीपर्यंत वर यायला लागला.

अशात वाचनालयाचं काम आलं. वाचनालयाची इमारत दुरुस्तीला काढली होती. वाचायच्या मोठ्या दालनाला अकरा खिडक्या, एकेक माणसाच्या दीडपट उंच. बावीस वर्षांपूर्वी तिथले पडदे ताईनंच केले होते. ग्रंथपालांनी आपणहून निरोप धाडला की नवेही तुम्हीच करा. दालन उघडायची तारीख ठरली होती, तीन महिन्यांनी. ताईनं हो म्हणून टाकलं. माप घ्यायला शिडीवर भावजी चढले आणि वरून आकडे मोठ्यानं ओरडून सांगत राहिले. सवयच ती. ग्रंथपाल शेवटी म्हणाले, "इथं हळू बोलायची पद्धत आहे हो." तेव्हा दालनात खुर्च्यांच्या ढिगाशिवाय कुणी नव्हतं.

त्याच आठवड्यात एका घरी साधा झोपायच्या खोलीचा पडदा टांगायचा होता. ताई एकटीच गेली. स्टुलावर चढून तिनं दांडी उचलली, खांद्यात कळ आली, आणि दांडी पडद्यासकट खालच्या आरशाच्या टेबलावर आली. अत्तराची एक बाटली फुटली. घरमालक बाहेरच्या खोलीतून आला. बिचारा भला माणूस. त्यानं काचा गोळा केल्या, स्टुलावर चढला आणि दोन मिनिटांत पडदा टांगून मोकळा झाला.

"झालं की, बाई! एवढंसं तर काम."

तो चांगल्या मनानं बोलला. ताई घरी आली, अंगाला अत्तराचा घमघमाट. दुसऱ्या दिवशी सकाळी भावजींना म्हणाली, "त्या व्यायामाच्या मुलीनं दुखण्यांच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं होतं ना? तो कागद कुठं ठेवलात?" कागद भावजींच्या खिशातच होता.

हे डॉक्टर फक्त दुखण्यांवर उपचार करतात. पन्नाशीचे, शांत. त्यांनी आधी साखरेचे कागद बघितले आणि ती थोडी खाली आणून मगच या म्हणून परत पाठवलं. दहा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी एका कागदावर खांद्याचं चित्र काढलं. पाठीच्या वरच्या बाजूला जे त्रिकोणी हाड असतं, त्याच्या वरच्या कडेला एक खाच असते. त्या खाचेतून एक नस खांद्याकडे जाते. खांद्याच्या सांध्यातलं बरंचसं दुखणं हीच नस डोक्यापर्यंत पोचवते. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत तिथं बारीक सुई नेऊन औषध सोडायचं.

"म्हणजे मेन स्विच बंद," भावजी म्हणाले.

"जवळपास. आणखी एक-दोन लहान लाइनी आहेत, त्या चालू राहतात. आणि नीट ऐका," डॉक्टर ताईकडे वळले, "या सुईनं खांदा सुटत नाही. दुखणं गप्प बसतं. खांदा सोडवायचं काम तुमचं आणि फिजिओचं. आज बधिर आहे तोवर तिच्याकडे जायचं. पुढं काही आठवडे दुखणं बरंच कमी राहील, त्या मुदतीत जेवढी हालचाल मिळवता येईल तेवढी मिळवायची. आज हातात जोर कमी वाटेल. वजन उचलायचं नाही."

"बधिर किती वेळ राहतं?"

"सहा-आठ तास. माणसागणिक कमी-जास्त."

ताईनं यातलं "सहा-आठ तास" एवढंच ऐकलं. हे तिनं नंतर स्वतः कबूल केलं.

सुई द्यायला दहा मिनिटंही लागली नाहीत. ताई उशीला कवटाळून पुढे वाकून बसली. पाठीवर गार जेली, मग एक टोचणी, मग आत दाब आल्यासारखं. अर्धा तास बाकावर बसवून ठेवलं. तेवढ्यात ताईनं खांदा चाचपून पाहिला, जरासा उचलला, आणि कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं असं हसली. "गेलं गं. कुणी काढूनच घेतल्यासारखं गेलं."

फिजिओची वेळ बाराची होती. ताईनं घड्याळात बघितलं, सव्वाअकरा. मला म्हणाली, "तू घरी जा आणि वाचनालयाचा तयार झालेला पडदा घेऊन तिकडंच ये. एक खिडकी तरी बघते."

"आणि ती मुलगी?"

"ती कुठं पळून जातेय? हे सहा तास परत मिळायचे नाहीत."

थोरल्या बहिणीला नाही म्हणायची सवय मला लहानपणापासून लागली नाही. मी गेले. भावजींनीही तिला अडवलं नाही. नुकतं हसलेलं माणूस त्यांना पुन्हा रडवायचं नव्हतं, एवढंच मला वाटतं.

दालनात रंगाचा वास भरला होता. रंगाऱ्यांनी दोन उंच घोड्यांवर फळ्या टाकून मचाण केलं होतं, ते ग्रंथपालांनी पहिल्या खिडकीशी सरकवून दिलं. ताई चढली. उजवा हात उचलला. तो खांद्याच्या पातळीच्या थोडा वर गेला आणि थांबला. दुखला म्हणून नव्हे. ओल्या लाकडाचा खण अडकावा तसा नुसता थांबला. ताईनं मान वळवून काखेत बघितलं.

"बाही कशात अडकलीय का बघ गं."

बाही मोकळी होती. मी तसं सांगितलं.

"मग जात का नाही? दुखत तर नाहीये."

आम्ही सगळे, तीसुद्धा, इतके दिवस धरून चाललो होतो की हात दुखतो म्हणून वर जात नाही. आता दुखणं गेलं होतं, तरी तो वर जाईना. ग्रंथपाल हळूच म्हणाले, "बाई, नंतर बघू. आमचा एक फिटर आहे, तो टांगून देईल हवं तर."

हे त्यांनी बोलायला नको होतं.

ताईनं डाव्या हातानं उजवी मूठ उचलून दांडीपर्यंत नेली, बोटं दांडीभोवती वळवली, आणि गुडघे वाकवून अंगाचा भार सोडून दिला. जाडं कापड फाडावं तसा आवाज आला. खाली मला ऐकू आला.

"दुखलं?"

"अजिबात नाही!" ती वरून म्हणाली. आवाजात विजय होता. तशाच अवस्थेत तिनं चार हूक लावले. पाचव्याला हातातून त्राण गेलं आणि भावजींनी तिला कमरेला धरून खाली घेतलं.

संध्याकाळी बधिरपणा उतरला. त्या दुखण्याचं वर्णन मी करत नाही. एवढंच सांगते की ताई, जी बाळंतपणातही ओरडली नव्हती, ती ओरडली. दुसऱ्या दिवशी खांदा सुजून लाल झाला होता.

फिजिओच्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, तुम्ही कापड असं फाडता का?"

"कापड कात्रीनं कापते."

"मग खांद्यानं तुमचं काय वाईट केलं होतं?"

पुन्हा सोनोग्राफी झाली. देवाची कृपा, स्नायूची दोरी तुटली नव्हती. डॉक्टर रागावले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. "दुखणं हा पहारेकरी होता," ते म्हणाले. "मी त्याला झोपवला तो तुम्हाला हळूच आत जाता यावं म्हणून. तुम्ही दार फोडलंत." आता सूज ओसरेपर्यंत थांबायचं, मग वाटलं तर पुन्हा सुई. तीन आठवडे गेले. हात होता त्याहून खाली आला. ग्रंथपालांचा फोन आला, फिटरला सांगून ठेवू का. ताई म्हणाली, "महिनाभर थांबा. मग सांगते."

तो महिना तिच्यासाठी साधा नव्हता. पडदे तर तिनं शिवून काढले, अकराच्या अकरा जोड्या. घड्या घालून पलंगावर त्यांचा डोंगर झाला. पण त्या डोंगराकडे ती परक्याच्या कामाकडे बघावं तशी बघायची. मी एकदा म्हटलं, टांगू देत कुणालाही, शिवण तर तुझीच आहे. ती म्हणाली, "तुला कळायचं नाही. तू अस्तर घालतेस, अस्तर कुणी बघत नाही." बोलणं टोचलं, पण खोटं नव्हतं.

दुसऱ्या सुईच्या दिवशी ती कुठंही वळली नाही. दवाखान्यातून सरळ फिजिओच्या टेबलावर जाऊन पडली. मी बाहेर बसले होते, आतून मुलीचा आवाज येत होता. "सोडा काकू. मला नेऊ द्या. तुम्ही नेऊ नका. हात माझा आहे असं समजा." ताईला हात दुसऱ्याच्या ताब्यात देणं दुखण्यापेक्षा अवघड गेलं असणार. अर्ध्या तासानं बाहेर आली ती थकून, पण सांधा जरा सैल झाला होता. मुलीनं कोन मोजायच्या पट्टीनं माप घेऊन कागदावर लिहून दिलं होतं. माप म्हटल्यावर ताईनं चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

निघताना मुलीनं तिला एक नियम घालून दिला. "घरी दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं. घड्याळ लावून. पंधरा झाली की थांबायचं. छान वाटत असलं तरी थांबायचं. छान वाटतंय ते औषधामुळं. खांद्याचं खरं काय ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं."

"आणि वाईट वाटलं तर?"

"थोडं वाईट वाटलं तर चालू ठेवा. फार वाटलं तर मला फोन करा. दांडी धरून लोंबकळू नका."

घरी भावजींनी बैठकीच्या भिंतीचा ताबा घेतला. ताईची बोटं भिंतीवर जिथं पोचतील तिथं पेन्सिलीनं रेघ आणि शेजारी तारीख. रोज सकाळी चष्मा पुसून ते रीडिंग घ्यायचे.

"कालच्यापेक्षा दोन मिलिमीटर वर."

"तुमची पेन्सिल जाड आहे."

"बत्तीस वर्षांत माझ्या रीडिंगवर एक तक्रार आली नाही."

"तक्रार कुणी करायची? मीटर बोलत नाही म्हणून."

पहिल्या आठवड्यात रेघा एकमेकींना चिकटून होत्या. मग सुट्या झाल्या. एकदा चार दिवस सरकल्याच नाहीत, ताईनं घड्याळ पंधराच्या पुढे जाऊ दिलं आणि दुसऱ्या दिवशीची रेघ खाली आली. भावजींनी तीही रेघ प्रामाणिकपणे मारली. ताई त्यांच्यावर चिडली, पण पुन्हा घड्याळाच्या पुढे गेली नाही. दुखणं होतंच, नाही असं नाही. पण ते आता बाजूला बसून कुरकुर करणारं होतं, अंगावर धावून येणारं नव्हतं. उजव्या कुशीवर तिला झोप लागायला लागली. महिन्याच्या शेवटी वरची रेघ तिच्या कपाळाच्या वर होती. हात पूर्ण वर जात नव्हता. मुलीनं स्पष्ट सांगितलं की पूर्ण जायला अजून बरेच महिने लागतील, आणि कदाचित शेवटचा थोडा भाग राहूनही जाईल.

ताईनं वाचनालयाच्या कामाचं तिच्यापुढे ठेवलं. मुलगी विचारात पडली. मग म्हणाली, "मचाण उंच करा, दांडी कपाळाच्या वर नको. आणि पाऊण तास. एकच पाऊण तास, काकू. दुखो न दुखो, खाली."

दालन उघडायला बारा दिवस होते तेव्हा आम्ही पडदे घेऊन गेलो. रंगाऱ्यांनी मचाणाखाली विटा लावून ते वीतभर उंच करून दिलं. ताई चढली. भावजी खाली घड्याळ घेऊन उभे राहिले. ती अकरा खिडक्यांकडे एकदा बघून घेऊन कामाला लागली. हूक लागल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. पहिली खिडकी झाली. मचाण सरकवलं, दुसरी. तिसऱ्या खिडकीला तिनं मध्येच हात खाली सोडून दोन वेळा लंबकासारखा हलवला आणि परत वर नेला. चौथी खिडकी झाली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता, पण चेहरा उजळलेला होता.

"झाला पाऊण तास," भावजी म्हणाले. इतक्या हळू की ग्रंथपालांनाही आवडलं असतं.

चार झाल्या होत्या, सात राहिल्या होत्या. तिचा हात दांडीवर होता.

"दुखत नाहीये," ताई म्हणाली.

भावजींनी घड्याळ तिच्याकडे वळवून धरलं.

तिनं आणखी थोडा वेळ दांडी धरून ठेवली. मग हात काढला आणि एकेक पायरी बघत खाली उतरली. खाली आल्यावर खुर्चीवर बसून उजवा हात मांडीवर ठेवला, आणि डाव्या हातानं भावजींकडचं घड्याळ घेतलं.

"आता तुम्ही चढा."

"मी?"

"मग काय फिटर बोलवू?"

भावजी चढले. पाचव्या खिडकीचा पडदा त्यांनी हातात घेतला आणि डाव्या कडेचा हूक दांडीवरच्या पहिल्या कडीत अडकवू लागले.

"कडेपासून नाही!" ताई खालून म्हणाली. "आधी मधला. मग दोन्ही कडा. मग मधल्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. कडेपासून लावत गेलं की शेवटच्या चुण्या चेंगरतात, आणि दोन दिवस लोंबला की पडदा एका अंगाला ओढतो."

भावजींनी हूक काढला आणि मधला शोधू लागले. मी ताईकडे बघत राहिले. चाळीस वर्षं मी तिच्या पडद्यांना अस्तरं घालत आले, आणि तिचे पडदे सरळ का पडतात हे मला त्या दिवशी कळलं. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती.

"हा मधला?"

"तो नाही, त्याच्या शेजारचा. मोजा ना! मीटर वाचत होतात ना?"

आठव्या खिडकीपर्यंत भावजींचे पाय भरून आले. नवव्या खिडकीला मी चढले.